बिट बसलं की नुसतं अडकलं? विजेच्या स्क्रूसाठी बिट निवडताना

वायर सोलायला कुणीतरी शिकवतं. फेज कुठे, न्यूट्रल कुठे, अर्थिंग कसं जोडायचं हेही शिकवतं. स्क्रू फिरवायला मात्र कुणी शिकवत नाही. त्यात काय शिकायचं, ते येतंच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

मीही तसंच धरलं होतं. एकदा एका जुन्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बदलायचा होता. टर्मिनलच्या, म्हणजे वायर जिथे दाबून धरली जाते तिथल्या, स्क्रूवर फुली दिसली, हाताशी होतं ते फुलीचं बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं बदलता येणारं टोक, लावलं आणि फिरवलं. छान फिरलं. नवा एमसीबी लावून स्क्रू आवळताना शेवटच्या पाव वळशाला ‘कर्र’ असा आवाज आला आणि बिट निसटलं. मला वाटलं, घट्ट झाला असेल, म्हणूनच निसटलं. वायर ओढून पाहिली तर ती सरळ हातात आली. परत बिट लावलं तर ते गोल गोल फिरायला लागलं, कारण फुलीच्या कडा घासून गेल्या होत्या. आता तो स्क्रू पुढेही जाईना आणि मागेही येईना. नवाकोरा एमसीबी वाया गेला. चूक साधी होती. तो फुलीचा स्क्रू मला वाटला त्या जातीचा नव्हताच.

त्या दिवसापासून मी दोन शब्द वेगळे ठेवतो, बसणं आणि अडकणं. चुकीचं बिटही स्क्रूमध्ये अडकतं आणि स्क्रू फिरवतं. सैल स्क्रू फिरवायला ताकद लागत नाही, म्हणून फरक कळत नाही. कळतो तो अगदी शेवटी, जिथे खरी ताकद लावायची असते तिथे. आणि विजेच्या कामात सगळं महत्त्व त्या शेवटच्या पाव वळशालाच असतं.

लाकडातला स्क्रू थोडा सैल राहिला तर बिजागरी कुरकुरते. टर्मिनलचा स्क्रू सैल राहिला तर वायर आणि धातू यांचा स्पर्श अपुरा होतो, तिथला रोध वाढतो आणि जागा तापते. हिशेब सोपा आहे, प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. जोडणीत फक्त ०.१ ओहमचा रोध उरला आणि तिथून १० अँपिअर प्रवाह गेला, तर १० वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. तापून धातू फुगतो, गार होऊन आकसतो, जोडणी आणखी सैल होते. काळे पडलेले सॉकेट आणि वितळलेले प्लग बहुतेक वेळा अशा जोडणीतून येतात.

पायरी पहिली: वीज बंद, आणि ती बंद असल्याची खात्री

हे थोडक्यात सांगतो, पण वगळू नका. त्या सर्किटचा एमसीबी खाली करा आणि दुसरं कुणी तो परत वर करणार नाही अशी सोय करा. मग दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरनं तपासा. आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून टेस्टर चालतोय याची खात्री करा, मग कामाच्या जागी लावा आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून बघा. निऑनचा खिशातला टेस्टर पेटला नाही, एवढ्यावरून वीज नाही असं ठरवू नका. तो तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो. पायात जाड कोरडे बूट असले किंवा उजेड जास्त असला तर पेटलेला दिसतही नाही.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. बोर्डाचा मेन स्विच बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलांवर वीज असतेच. त्या स्क्रूंना हात लावायचा नाही. ते तुमचं काम नाही.

पायरी दुसरी: स्क्रूच्या डोक्यात नीट बघा

बिटांचा डबा उघडण्याआधी टॉर्च घ्या. खाचेत रंग, चुना किंवा धूळ बसलेली असेल तर टोकदार काहीतरी घेऊन ती उकरून काढा. रंगानं अर्धी भरलेली खाच असेल तर जगातलं सर्वांत उत्तम बिटही तिच्यात बसणार नाही. मग खालीलपैकी काय दिसतं ते ओळखा.

सरळ खाच. ही सगळ्यांना माहीत असते. बल्ब होल्डर, प्लग, कनेक्टर स्ट्रिप यांतले पितळी स्क्रू बऱ्याचदा याच जातीचे असतात. ओळखायला सोपी, पण मापात सगळ्यांत जास्त चुका हिच्याच होतात. त्याबद्दल पुढे.

साधी फुली, म्हणजे फिलिप्स. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी या रचनेची पेटंटं १९३६ मध्ये मिळवली आणि मोटारींच्या कारखान्यांतून ती जगभर पसरली. यंत्रानं भराभर स्क्रू लावायला ती सोयीची, कारण बिट आपोआप मधोमध येतं. पण फुलीच्या भिंती आत निमुळत्या होत जातात. ताकद वाढली की तो उतार बिटाला वर ढकलतो. म्हणून फिलिप्स फिरवताना पिळण्याबरोबर जोरानं दाबावंही लागतं. बिटावर ‘पीएच’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा असतो.

पोझिड्रिव्ह. माझा एमसीबी खाल्ला तो या जातीनं. लांबून पाहिलं तर ती फिलिप्सच वाटते. जवळून पाहिलं तर मोठ्या फुलीच्या चार हातांच्या मधे, ४५ अंशांत, चार बारीक रेघा कोरलेल्या दिसतात. त्या रेघा दिसल्या की समजायचं, हा पोझिड्रिव्ह आहे. याच्या खाचेच्या भिंती जवळपास सरळ उभ्या असतात, त्यामुळे बिट वर ढकललं जात नाही. बिटालाही चार मोठ्या पाकळ्यांमधे चार छोट्या कडा असतात आणि अंगावर ‘पीझेड’ लिहिलेलं असतं. फिलिप्सचं बिट यात जातं, पण डुलतं. उलट पोझिड्रिव्हचं बिट फिलिप्सच्या स्क्रूत घातलं तर ते तळापर्यंत जातच नाही. पहिली चूक जास्त फसवी आहे, कारण ती चूक वाटत नाही.

फुली आणि सरळ खाच एकत्र. एमसीबी, कॉन्टॅक्टर, आयसोलेटर, बऱ्याच स्विच-सॉकेटची टर्मिनलं यांवर हे डोकं दिसतं. मधे फुली असते आणि तिचे दोन समोरासमोरचे हात लांब होऊन डोक्याच्या कडेपर्यंत जातात. दिसायला वाटतं, चला, काहीही लावा. चपटं चालेल, फुलीही चालेल. चालतं दोन्ही, पण बसत दोन्हीही नाही. चपट्या पात्याला मधली फुली आडवी येते, त्यामुळे त्याला धरायला दोन टोकांचे छोटे तुकडेच उरतात. फुलीच्या बिटाला लांब हातांमधल्या मोकळ्या जागेत आधार मिळत नाही. या डोक्यासाठी वेगळं बिट मिळतं. त्याच्या दोन पाकळ्या पसरट असतात आणि दोन आखूड. त्याला ‘पीझेड-एस’ म्हणतात, काही उत्पादक ‘प्लस-मायनस’ किंवा ‘झेनो’ अशा नावांनी विकतात. ते स्क्रूत टेकवलं की हाताला कळतं, आजवर आपण काय करत होतो ते. वीजकामासाठी एकच जादा बिट घ्यायचं झालं तर मी हे घ्यायला सांगेन.

हे बिट नसेल तर? आधी फुलीच्या हातांमधे त्या बारीक रेघा आहेत का बघा. असतील तर पोझिड्रिव्ह लावा. नसतील तर फिलिप्स. तेही डुलत असेल तर लांब खाचेच्या मापाचं रुंद चपटं पातं. हाताला आधी लागलं म्हणून अरुंद चपटं पातं मात्र लावू नका.

चौकोनी भोक. हे कॅनडाच्या पी. एल. रॉबर्टसन यांचं. त्यांनी ते १९०८ च्या सुमारास काढलं, फिलिप्सच्या बरंच आधी. उत्तर अमेरिकेतल्या विद्युत साहित्यात ते भरपूर असतं आणि तिथे चौकोन अधिक सरळ खाच असं मिश्र डोकंही चालतं. त्यासाठी ‘ईसीएक्स’ नावाचं खास बिट येतं. रॉबर्टसनच्या मापांना रंग ठरलेले आहेत. ० ला पिवळा, १ ला हिरवा, २ ला लाल आणि ३ ला काळा. बाहेरून आणलेल्या उपकरणात चौकोन दिसला तर त्यात चपटं पातं तिरकं घुसवून फिरवायचा मोह होतो. तसं करू नका, पितळी स्क्रू असेल तर चौकोनाचं वर्तुळ होतं.

जपानी फुली. जपानी बनावटीच्या जुन्या उपकरणांत फुलीशेजारी एक बारीक ठिपका असेल तर ती फिलिप्स नव्हे, जपानी मानकाची फुली आहे. तिच्यासाठी वेगळं बिट मिळतं. वीजफिटिंगच्या कामात ती क्वचितच भेटते, पण यंत्रं दुरुस्त करायला घेतलीत तर नक्की भेटेल.

सहा टोकांची चांदणी, म्हणजे टॉर्क्स. मोठ्या ब्रेकरच्या झाकणावर, मोटारींच्या आवरणावर वगैरे असते. मधोमध उभी सुई असेल तर ती ‘सुरक्षा’ प्रकारची, तिला मधे भोक असलेलं बिट लागतं. जाता जाता, आपल्याकडे कुठल्याही फुलीच्या ड्रायव्हरला सर्रास ‘स्टार’ म्हणतात. बोलायला ठीक आहे, पण बिट मागताना नुसतं ‘स्टार’ म्हणालात तर समोरचा काय देईल याचा नेम नाही. अक्षरं आणि आकडा सांगा.

पायरी तिसरी: माप

जात कळली. आता माप.

फिलिप्स आणि पोझिड्रिव्ह दोन्हींचा आकड्यांचा हिशेब सारखाच आहे. २.५ ते ३ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूला १ नंबर, ३.५ ते ५ मिलिमीटरला २ नंबर आणि ६ मिलिमीटरला ३ नंबर. हा व्यास आट्यांचा, डोक्याचा नव्हे. फिटिंगच्या कामात दहापैकी नऊ वेळा १ किंवा २ लागतो. लहान टर्मिनलांना १, एमसीबी आणि प्लेटच्या स्क्रूंना २. शून्य आणि त्याखालचे रिमोट, खेळणी, थर्मोस्टॅट यांसाठी.

चूक दोन्ही बाजूंनी होते. लहान बिट तळाला टेकतं पण भिंतींना धरत नाही, त्यामुळे ते डुलतं आणि कडा खातं. मोठं बिट तळापर्यंत जात नाही, वरच्या कडेवरच टेकून राहतं. मोठं असलं की जास्त ताकद मिळते हा समज चुकीचा आहे. ताकद मिळते ती बिट खोलवर गेल्यामुळे.

चपट्या पात्याचा मामला जरा नाजूक आहे, कारण तिथे दोन मापं जुळवावी लागतात, रुंदी आणि जाडी. बाजारात ती जोडीनं येतात. ०.४ × २.५, ०.५ × ३, ०.६ × ३.५, ०.८ × ४, १ × ५.५ आणि १.२ × ६.५ मिलिमीटर. पहिला आकडा जाडी, दुसरा रुंदी.

लोक फक्त रुंदी बघतात. जाडी बघायला कुणी शिकवलेलंच नसतं. पातं खाचेपेक्षा पातळ असेल तर पिळताना ते तिरकं होतं आणि खाचेला फक्त समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर टेकतं. सगळा जोर त्या दोन ठिपक्यांवर येतो आणि तिथला धातू उखडतो. जाड असेल तर पातं खाचेच्या तळाला पोचत नाही, वरच्या ओठावर बसतं आणि पहिल्या जोरालाच उडी मारतं. पातं खाचेत अलगद घसरत जावं, तळाला टेकावं आणि आत गेल्यावर त्याला कुठे हलायला जागा नसावी.

रुंदी खाचेच्या लांबीएवढी, किंवा केसभर कमी. डोक्याबाहेर आलेली नको, कारण टर्मिनलचा स्क्रू बहुधा प्लास्टिकच्या भोकात खोल असतो आणि बाहेर आलेलं पातं त्या भोकाच्या भिंती खरवडतं. याच कारणानं टोकाची घडणही बघावी लागते. काही चपट्या ड्रायव्हरांचं टोक पंख्यासारखं फुललेलं असतं, दांड्यापेक्षा रुंद. ते उघड्यावरच्या स्क्रूला ठीक. टर्मिनलसाठी टोक आणि दांडा एकाच रुंदीचे असलेलं सरळ पातं घ्या. कनेक्टर स्ट्रिपला ०.५ × ३ किंवा ०.६ × ३.५ बहुतेक वेळा जमतं. ०.५ × ३.५ मापाचं पातळ पातं स्प्रिंगच्या टर्मिनलांची तोंडं उघडायला लागतं. ते वेगळं ठेवा, त्यानं स्क्रू पिळू नका.

पायरी चौथी: फिरवण्याआधी हलवून बघा

मापं लक्षात राहिली नाहीत तरी ही परीक्षा लक्षात ठेवा.

बिट मुठीला लावा, स्क्रूमध्ये सरळ उभं टेकवा आणि न फिरवता, फक्त बोटांनी मूठ किंचित डावी-उजवी करा. टोकाशी ‘टकटक’ जाणवली तर बिट अडकलंय, बसलेलं नाही. मग मूठ थोडी तिरकी करा. बसलेलं बिट तिरकं व्हायला विरोध करतं. स्क्रू उघड्यावर असेल आणि तो आडव्या पृष्ठभागावर असेल तर हात सोडून बघा. नीट बसलेलं बिट क्षणभर तरी एकटं उभं राहतं.

दोन बिटांमधे शंका असेल तर दोन्ही लावून बघा, आणि जे कमी हलेल ते घ्या. ओळखलेल्या जातीपेक्षा हाताला काय जाणवतंय त्यावर जास्त विश्वास ठेवा. नकली आणि स्वस्त स्क्रूंच्या खाचा मानकाप्रमाणे नसतात. पोझिड्रिव्ह दिसणारा स्क्रू कधी कधी फिलिप्सवर जास्त घट्ट बसतो. असं झालं तर स्क्रूचं ऐका.

आणि बिटाचं टोकही बघा. फुलीच्या पाकळ्यांच्या कडा गोलसर, चकचकीत झाल्या असतील तर ते बिट संपलंय. एका खराब बिटानं दहा चांगले स्क्रू खराब होतात. टर्मिनलचे स्क्रू बहुधा पितळेचे किंवा मऊ पोलादाचे असतात आणि बिट कठीण पोलादाचं. झगडा झाला तर हरणार नेहमी स्क्रूच.

पायरी पाचवी: दांडा, लांबी, मूठ

सुटी बिटं पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या षटकोनी दांड्यावर येतात. २५ मिलिमीटरचं आखूड बिट सगळीकडे मिळतं, पण एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू भोकात खोलवर असतो आणि बिट धरणारी नळी त्या भोकात शिरत नाही. जोर लावला की नळीच प्लास्टिकवर टेकते आणि बिट वरच्या वर फिरतं. तिथे ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब बिट, किंवा अखंड दांड्याचा ड्रायव्हर हवा.

चुंबकी होल्डरचा फायदा फक्त लोखंडी स्क्रूला. पितळी स्क्रू चुंबकाला चिकटत नाही. मग नवशिका तो स्क्रू बोर्डामागे पाडतो आणि अर्धा तास शोधत बसतो. पितळी स्क्रू बिटाच्या टोकाला इन्सुलेशन टेपच्या छोट्या तुकड्यानं धरून ठेवा, पहिले दोन आटे पकडले की टेप काढून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे टर्मिनलचा स्क्रू पूर्ण बाहेर काढूच नका. वायर शिरेल इतकाच सैल करा.

मूठ जाड हवी. हे आरामापुरतं नाही, यात साधं गणित आहे. समजा एका टर्मिनलला १.२ न्यूटन-मीटर (हे पीळ मोजायचं एकक) पीळ हवा. ३० मिलिमीटर जाडीची मूठ असेल तर तिच्या कडेवर साधारण ८ किलोचा जोर लागतो. खिशातल्या निऑन टेस्टरच्या १२ मिलिमीटर जाडीच्या मुठीवर तोच पीळ आणायला २० किलोच्या आसपास जोर लागेल. चिमटीत धरून तेवढा जोर लागत नाही. म्हणून टेस्टरनं आवळलेले स्क्रू हटकून सैल निघतात. टेस्टरच्या टोकाला पातं असलं तरी तो स्क्रू ड्रायव्हर नाही.

इन्सुलेशनबद्दल एक गैरसमज. मूठ प्लास्टिकची आहे म्हणून ड्रायव्हर इन्सुलेटेड ठरत नाही. वीजकामाच्या ड्रायव्हरचा दांडाही टोकापर्यंत आवरणानं झाकलेला असतो आणि त्यावर दोन त्रिकोणांचं चिन्ह व १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. हे आयईसी, म्हणजे विद्युत साहित्याची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, हिच्या ६०९०० या मानकाचं चिन्ह. अशी अवजारं १०,००० व्होल्टला तपासून बाहेर पडतात. काहींच्या आवरणाला दोन रंगांचे थर असतात, वरचा कापला गेला की आतला रंग दिसतो आणि अवजार बाद करायचं हे कळतं. हे आवरण जाड असल्यानं कधी टर्मिनलच्या भोकात शिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे टोकाशी सडपातळ केलेले इन्सुलेटेड ड्रायव्हर, आवरण चाकूनं तासणं नव्हे. हो, लोक तासतात. मी पाहिलंय.

साधी सुटी बिटं आणि त्यांचा धातूचा होल्डर इन्सुलेटेड नसतो. ती फक्त वीज बंद असलेल्या कामासाठी. इन्सुलेटेड ड्रायव्हर असला तरी वीज बंद करायचीच. ते आवरण तुमची चूक झाली तर आडवं येण्यासाठी आहे.

पायरी सहावी: आवळताना

आधी स्क्रू हातानं, उलटा पाव वळसा फिरवून मग सुलटा फिरवा. आटे जिथे सुरू होतात तिथे बारीकसा ‘टक’ लागतो. तो लागला की आटे तिरके धरले जाण्याची भीती संपली. हात, बिट आणि स्क्रू एका रेषेत ठेवा. तिरक्या हातानं योग्य बिटही चुकीचं होतं.

फिलिप्स असेल तर दाबा, पण एका हातानं एमसीबी मागून किंवा बाजूनं धरा. नाहीतर सगळा दाब तो ज्या पट्टीवर बसवलेला असतो त्या रेलवर आणि प्लास्टिकवर जातो. पोझिड्रिव्ह किंवा मिश्र बिटाला इतकं दाबावं लागत नाही.

किती आवळायचं? बऱ्याच उपकरणांच्या अंगावर, टर्मिनलजवळ किंवा बाजूला, न्यूटन-मीटरमधे आकडा छापलेला असतो. तोच अंतिम. आयईसी मानकांत टर्मिनलच्या चाचणीसाठी स्क्रूच्या व्यासानुसार पीळ ठरवलेले आहेत. डोकं असलेल्या नेहमीच्या स्क्रूंसाठी ३ मिलिमीटरला ०.५, ३.५ ला ०.८, ४ ला १.२ आणि ५ ला २ न्यूटन-मीटर. हे आकडे अंदाज बांधायला उपयोगी आहेत. व्यासात जरासा फरक पडला तरी पीळ किती बदलतो ते बघा. एकाच मनगटानं सगळे स्क्रू सारखे आवळले तर ३ मिलिमीटरचे तुटणार आणि ५ चे सैल राहणार.

रोज हे काम करणार असाल तर टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घ्या. ठरवलेला पीळ झाला की तो ‘टिक’ करतो. एकदा तो वापरलात की बाकीच्या वेळीही हाताला अंदाज येतो. मला सुरुवातीला वाटायचं, मी कमी आवळत असेन. निघालं उलटंच. लहान स्क्रू मी जास्त आवळत होतो आणि मोठे कमी.

बॅटरीचा ड्रायव्हर वापरायचा तर फक्त स्क्रू आत नेण्यापुरता, क्लच, म्हणजे ठरावीक जोर आला की फिरणं सोडून देणारी आकड्यांची कडी, सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवून. क्लचवरचे आकडे न्यूटन-मीटर नसतात, हे विसरू नका. शेवटचे वळसे हातानं. ठोके देणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर टर्मिनलच्या जवळही नेऊ नका. पितळी आटे दोन सेकंदांत जातात.

बहुतारी मऊ वायर असेल तर आवळल्यावर ती जराशी हलवा आणि परत आवळा. तारा एकमेकींत बसतात आणि अजून पाव वळसा मिळतो. तारांची टोकं सोल्डर करून स्क्रूखाली दाबण्याची जुनी सवय असेल तर सोडा. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि जोडणी सैल होते. त्याऐवजी नळीसारखं फेरूल दाबून लावा. मग वायर एकदा ओढून बघा. ओढून न बघता झाकण लावायचं नाही.

डोकं गेलं तर

बिट पहिल्यांदा निसटलं की थांबा. दुसऱ्यांदा तेच बिट लावून जोर करण्यात बहुतेक स्क्रू मरतात. जात आणि माप पुन्हा तपासा आणि कोरं, धारदार कडांचं बिट घ्या. खाचेवर पातळ रबरबँडचा तुकडा ठेवून त्यावरून बिट दाबलं तर कधी कधी पकड मिळते. मिश्र डोकं असेल आणि फुली गेली असेल तर लांब खाच अजून शाबूत असते. रुंद चपटं पातं घट्ट बसतंय का बघा.

तेही झालं नाही तर तो स्क्रू कुठला आहे यावर ठरवा. भिंतीतल्या डब्यात प्लेट धरणारा स्क्रू असेल तर डोकं ड्रिल करून काढता येतं, अर्थात वीज बंद ठेवून आणि धातूचा चुरा नंतर पूर्ण साफ करून. टर्मिनलचा स्क्रू असेल तर ड्रिल नको. वायर टर्मिनलजवळ कापा, उपकरण बदला आणि वायर पुरेशी लांब राहील का हे कापण्याआधी बघा. डोकं घासलेला स्क्रू ‘सध्या बरा आहे’ म्हणून ठेवला तर पुढच्या वेळी तो सुटणार नाही, आणि तो पुरेसा घट्ट आहे का हेही आत्ता तुम्हाला कळणार नाही.

पिशवीत काय ठेवायचं

सुरुवातीला मोठा संच घेऊ नका. त्यातली अर्धी बिटं तशीच राहतात आणि हवं ते नेमकं झिजतं. पीझेड-एस १ आणि २, पीएच १ आणि २, पीझेड २, चपट्यात ०.५ × ३, ०.६ × ३.५ आणि १ × ५.५. एवढ्यात नेहमीचं काम निघतं. पीझेड-एस आणि चपटी शक्यतो इन्सुलेटेड आणि अखंड दांड्याची, बाकी सुटी बिटं चालतील. पीएच २ आणि पीझेड २ एकसारखे दिसतात, म्हणून त्यातल्या एकाच्या दांड्यावर रंगीत टेपची पट्टी गुंडाळा. माझ्या पीझेड २ वर लाल आहे. कोपऱ्यात, टॉर्च तोंडात धरून हात बोर्डात घातल्यावर बिटावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, लाल पट्टी मात्र दिसते.